टाकाऊ वस्तूंची कला आणि श्रमाचे मोल
(बेंगळुरूतील मारतहळ्ळी येथे विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



या परिसरातील टाकाऊ वस्तूंपासून, पाहता, ऐकता आणि स्पर्शाने अनुभवता येईल असे मांडणशिल्प सर्वांनी मिळून उभारण्याचा आपला संकल्प आहे. बाह्यवर्तुळ मार्गालगतची कार्यालये, तयार कपड्यांची दुकाने आणि सततची बांधकामे पाहता पुठ्ठे, तारा, चिंध्या व फुटक्या फरशा यांची मारतहळ्ळीत वाण पडणार नाही. अर्थशास्त्राचा अभ्यासक या नात्याने मी मात्र प्रथम असे विचारीन, की या वस्तू आपल्या हाती येतात त्या कोणाच्या श्रमातून?

येथे भंगाराच्या दुकानास कानडीत गुजरी म्हणतात. कोल्हापूरकरांना गुजरी म्हटले की सराफ बाजार आठवतो, आणि हा योगायोग मला अगदीच निरर्थक वाटत नाही. मिसळलेल्या कचऱ्याला किंमत नसते. उलट तो हलविण्याचाच खर्च येतो. वेचून, वर्गवारी करून, स्वच्छ केल्यावर त्यातील बऱ्याच भागाला बाजारभाव मिळतो. मूल्यवृद्धीची ही पहिली पायरी कचरावेचक चढतो. कलावंत त्यानंतर येतो. त्या वेळच्या बृहत् बेंगळुरू महानगर पालिकेने २०११ मध्ये कचरावेचकांना ओळखपत्रे देण्यास प्रारंभ केला आणि २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी त्यांना कचरा व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. परीक्षेसाठी ही दोन वर्षे लक्षात ठेवाच.

या कलेचे आपल्या देशातील सर्वपरिचित उदाहरण चंदीगडचे रॉक गार्डन होय. सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ते निरीक्षक नेकचंद यांनी १९५७ च्या सुमारास नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांचे अवशेष, फुटक्या बांगड्या व चिनी मातीचे तुकडे जमवून सरकारी वनजमिनीवर गुपचूप एक सृष्टी उभारली. ती नियमबाह्यच होती. तरी प्रशासनाने ती न पाडता १९७६ मध्ये लोकांसाठी खुली केली, त्यांना वेतन आणि मदतीस मजूर दिले. तेथील ठेंगण्या कमानींतून वाकूनच जावे लागते, धबधब्याचा आवाज आधी ऐकू येतो आणि पाणी मागाहून दिसते. नेकचंद यांना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या मजुरांची नावे मात्र मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळली नाहीत.

मुंबईतील धारावीत २०१५ मध्ये ‘स्नेहा’ या आरोग्यक्षेत्रातील संस्थेने भरविलेल्या कलामहोत्सवाची रीत निराळी होती. कलावंतांनी रहिवाशांसमवेत कार्यशाळा घेतल्या, विषय आरोग्याचे होते. हिंसाचार सोसलेल्या स्त्रियांच्या अनुभवांचा नकाशा तेथे कापडावर साकारला गेला. पुनर्चक्रीकरणाचा मोठा व्यवसाय असलेल्या त्या वस्तीतील माणसे येथे प्रेक्षक न राहता सहनिर्माती झाली. मला हा मार्ग अधिक न्याय्य वाटतो. अर्थात त्याला वेळ व पैसा दोन्ही अधिक लागतात.

म्हणून आपल्या अंदाजपत्रकात रंग व दिवे यांच्या आधी वर्गवारी करणाऱ्यांच्या मजुरीची तरतूद करा. माल दान म्हणून मागू नका, चालू दराने विकत घ्या. फलकावर कोणाची नावे येणार, हे काम सुरू होण्यापूर्वी त्यांच्यासमवेत बसून ठरवा. आणखी एक व्यावहारिक सूचना: शक्य तेथे सिमेंट व डिंक टाळून सुतळीने किंवा तारेने बांधा. प्रदर्शन उतरविल्यानंतर सुटा, कोरडा पुठ्ठा गुजरीत पुन्हा विकला जातो. चिकटवून रंगविलेला पुठ्ठा कोणी घेत नाही.