कारखान्याचें भांडवल कोणाचें?

(गांवच्या शाळेच्या पटांगणांत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



गेल्या आठवड्यांत कुंभारवाड्यांतल्या एका मावशींनीं आम्हांस वाटेंत गांठून विचारलें, "गुरुजी, पोरगा लेथचें काम शिकून आला. आतां स्वतःचें वर्कशॉप घालीन म्हणतो. पण कारखान्याला पैसा लागतो, आणि पैसा तर शेटजींकडे. मग त्यानें दुसऱ्याची चाकरीच धरावी कीं काय?" रस्त्यांत उभें राहून ह्याला उत्तर देतां येईना, म्हणून आज ही सभा मागितली.

मावशींचें म्हणणें अर्धें खरें आहे. कारखान्याला पैसा लागतो, हें खरें. तो शेटजींच्याच तिजोरींतून येतो, हें मात्र पुष्कळदां खरें नसतें.

टाटांच्या लोखंडाच्या कारखान्याची गोष्ट घ्या. जमशेटजी १९०४ सालीं वारले. काम पुढें त्यांचे पुत्र दोराबजी ह्यांनीं चालविलें. भांडवलासाठीं त्यांनीं प्रथम लंडनच्या बाजाराचें दार ठोठावलें. तेथें डाळ शिजली नाहीं. मग १९०७ सालीं मुंबईस भाग विक्रीस काढले, आणि तीन आठवड्यांत सुमारें ८००० हिंदी लोकांनीं १६ लक्ष ३० हजार पौंडांचें सारें भांडवल भरून टाकलें. पुढें चालू खर्चास रक्कम हवी होती, ती ४ लक्ष पौंडांचे कर्जरोखे घेऊन ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनीं एकट्यांनीं पुरविली. म्हणजे एवढा मोठा टाटा. पण त्याचाही कारखाना लोकांच्याच पैशावर उभा राहिला.

त्या आठ हजारांत नांगर धरणारे किती असतील, हें सांगावयास पंचांग नको. १८७५ सालीं सुप्याच्या बाजारांत आमच्याच शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. त्या गोष्टीला तेव्हां पुरतीं तेहतीस वर्षेंही झालीं नव्हतीं. ज्यांच्या बायकांच्या अंगावरचें डोरलें सुद्धां गहाण, ते भाग कशाचे घेणार? आमच्या पूर्वजांस अक्कल नव्हती असें नव्हे; त्यांच्या हातीं शिल्लकच राहूं दिली नव्हती.

पण भागाच्या पैशापलीकडे आणखी एक पैसा असतो, आणि त्याची नोंद भांडवलाच्या खात्यांत कोणी करीत नाहीं. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर ह्यांनीं १८५४ सालीं उभारावयास घेतली. मागाहून गिरण्यांचें पेव फुटलें, तेव्हां मॅनेजिंग एजंट म्हणून एक पद्धत पडली. भाग पुष्कळांचे, कारभार एका पेढीचा. मुंबईच्या गिरण्यांत ह्या एजंटांची दलाली बहुधा दर रत्तल मालामागें पाव आणा अशी ठरलेली असे. गिरणीला नफा होवो कीं तोटा, माल निघाला कीं दलाली पिकली! अमदाबादेस तर लोक आपल्या ठेवी थेट गिरणींतच ठेवीत. दिवस बरे असले तोंवर ठीक. वाईट बातमी आली कीं सारे ठेवीदार एकदम दारांत. ही एजंटाची पद्धत कायद्यानें बंद व्हावयास १९७० साल उजाडलें.

आतां ह्याच गिरण्यांतल्या मजुरांनीं १८८४ सालीं रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकारानें जीं मागणीं मांडलीं, तीं पाहा. रविवारची सुटी द्या, दुपारीं अर्धा तास विसावा द्या, हीं मागणीं आपल्या सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्यांत आणखी एक मागणें होतें: मागल्या महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आंत द्या. आम्हीं तरुणपणीं हें वाचलें तेव्हां त्याचा अर्थ आम्हांस उमगला नव्हता. दोन-चार दिवस मागेंपुढें, त्यांत काय एवढें, असें वाटलें. आज वाटतें कीं, तीं सारीं मागणीं एकीकडे आणि हें एक एकीकडे. महिनाभर काम करून ज्याचा पगार आणखी पंधरा-वीस दिवस मालकाकडे राहतो, तो मजूर मालकाला बिनव्याजी कर्ज देत असतो. आणि घरीं चूल पेटावी म्हणून तोच मजूर चाळीखालच्या वाण्याकडून उधार घेतो, तें मात्र व्याजानें! लोखंड्यांनीं नेमकें तेथेंच बोट ठेविलें होतें.

हें कालचें झालें म्हणाल, तर आज निराळें काय आहे? जागतिक बँक देशोदेशींच्या कारखानदारांस विचारीत असते, कीं यंत्रें व इमारती ह्यांसाठीं पैसा कोठून आणलात? आमच्यासारख्या वर येऊं पाहणाऱ्या देशांतून बहुतेक एकच उत्तर येतें. निम्म्याहून पुष्कळ अधिक पैसा घरचा, म्हणजे मागल्या नफ्यांतला न खाल्लेला. बँकेचा वांटा थोडा, आणि कारखाना जितका लहान तितका तो अधिकच थोडा. भाग विकून पैसा उभारणारे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

"घरचा पैसा" हा शब्द ऐकावयास गोड आहे. त्याची फोड केली तर काय निघतें? भावानें तीन वर्षे मजुरी न घेतां भट्टीवर केलेलें काम, बायकोच्या पाटल्या, म्हैस विकून आलेली रक्कम, लांबणीवर टाकलेलें लग्न. ह्यावर कोणी व्याज लावीत नाहीं म्हणून तो फुकटचा वाटतो. मावशी, तुमचा मुलगा यंत्र घेईल तेव्हां ह्यांतलें काय काय जाणार, हें आधीं घरांत बसून वहींत मांडा. बायकांसमोर मांडा, दागिना त्यांचा असतो.

बँका सरकारच्या हातीं आल्या म्हणजे सारें सुरळीत होतें, असेंही समजूं नका. दक्षिण कोरियांत १९६१ नंतर बँका सरकारनें ताब्यांत घेतल्या आणि परदेशीं माल धाडणाऱ्या कारखान्यांस स्वस्त कर्जें दिलीं. त्यांतून तो देश वर आला, हें कबूल. तरीही कारखानदारांना पैसा पुरेना, म्हणून ते बाजारांतल्या खासगी धनकोंकडून जबर व्याजानें कर्ज काढीत. हें ओझें डोईजड झालें तेव्हां ३ ऑगस्ट १९७२ रोजीं सरकारनें हुकूम काढला, कीं हीं सारीं खासगी कर्जें गोठविलीं; तीन वर्षे मुद्दल मागावयाचें नाहीं, नंतर पांच वर्षांत फेड, व्याज दरमहा १.३५ टक्के. कारखाने तरले. पण त्या धनकोंत साधीं कुटुंबेंही होतीं.

आमच्या मुलखांत शेतकऱ्यांनीं स्वतः भांडवल उभें करून दाखविलें तें प्रवरेच्या कांठीं. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गांवोगांव हिंडले, शेतकऱ्यांकडून भाग जमविले. धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले. सरकारचें व औद्योगिक वित्त महामंडळाचें पाठबळ मिळालें, आणि १९५० च्या अखेरीस साखर कारखान्याचें चाक फिरलें. त्यामागून निघालेल्या कारखान्यांत आणखी एक वाट सांपडली: उंसाच्या बिलांतून टनामागें ठराविक रक्कम ठेव म्हणून कापून घ्यावयाची. कांहीं परतीची, कांहीं बिनपरतीची. ह्या कपातींतून गाळपाची ताकद वाढली, शाळा-दवाखाने निघाले. हें उपकार आम्ही विसरत नाहीं. परंतु आमचा सभासद वर्षानुवर्षे कपात देतो आणि वार्षिक सभेंत ताळेबंद न वाचतां हात वर करतो. पुढें कर्जापायीं कित्येक कारखाने लिलावांत गेले, तेव्हां त्या ठेवींचें काय झालें, असें विचारावयास किती जण उठले? मालक म्हणवून घेणें सोपें, हिशेब मागणें कठीण.

आतां मूळ मुद्द्यावर येतों. आमच्या हाताखालून गेलेल्या एका लोहाराच्या मुलानें असेंच वर्कशॉप घातलें. हात इतका सुबक कीं, त्याचा माल परत आल्याचें आम्हीं कधीं ऐकलें नाहीं. घरचें होतें नव्हतें तें यंत्रांत घातलें. एका मोठ्या कंपनीचें काम मिळालें. गांवांत पेढे वांटले. महिन्याला १ लाखाचा माल जाई. लोखंड, वीज, मजुरी मिळून खर्च ९० हजार, नफा १० हजार. पण बिलाचे पैसे येत सहा महिन्यांनीं. मुलांनो, तुम्हीच हिशेब करा. सहा महिन्यांचा खर्च ५ लाख ४० हजार. तो सारा त्यानें शेकडा दोन टक्के दरमहा व्याजानें आणला. व्याज झालें महिन्याला १० हजार ८००. नफा १० हजार! दरमहा ८०० रुपये पदरचे घालून तो त्या कंपनीला भांडवल पुरवीत होता. अडीच वर्षांनीं यंत्र विकलें. आज तो दुसऱ्याच्या कारखान्यांत आहे. आम्हीं त्याला वर्गांत चक्रवाढ व्याज शिकविलें होतें. बिल कसें मागावें, तें शिकविलें नव्हतें.

आणि कायदा तेव्हांही होता! २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानें लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आंत दिले पाहिजेत. करार नसेल तर १५ दिवसांत. मालाविषयीं तक्रार असल्यास ती गिऱ्हाइकानें १५ दिवसांत लेखी कळवावी. नाहींतर माल पसंत पडला असें धरलें जातें. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दरानें, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. तंट्यासाठीं सरकारची सुलभीकरण परिषद आहे; तिच्या निकालाविरुद्ध जावयाचें तर खरेदीदाराला आधीं ७५ टक्के रक्कम भरावी लागते. शिवाय २०२३ सालीं आयकराच्या कायद्यांत दुरुस्ती झाली. ह्या मुदतींत लहान उत्पादकाचे पैसे दिले नाहींत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च करांतून वजा मिळत नाहीं. मोठ्या पेढ्यांचे मुनीम ह्या कलमाला वचकून असतात.

तुम्ही म्हणाल, तक्रार केली तर पुढचें काम तुटेल. तुटेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. एकट्यानें केली तर नक्कीच तुटेल. म्हणूनच ह्या आळींतल्या सातही वर्कशॉपवाल्यांनीं आणि सुतारमंडळींनीं बिलाखालीं एकच मजकूर छापावा, मुदत ४५ दिवस, असें आमचें सांगणें आहे. उद्यम नोंदणी फुकट होते, दलालाला एक पैसाही देऊं नये. ती माल देण्याआधींच करून ठेवावी. मागाहून केलेल्या नोंदणीवरून कोर्टांत तंटे झालेले आहेत.

येत्या गुरुवारीं शाळा सुटल्यावर आम्ही चौथीच्या वर्गांत बसूं. मावशी, मुलाला घेऊन या. बाकीच्यांनीं आधार कार्ड, पॅन कार्ड आणि मागल्या वर्षाचीं न मिटलेलीं बिलें आणावीं. ज्यांच्याकडे बिल नाहीं, नुसतीं चलनें आहेत, त्यांनीं तीं आणावीं, आणि माल पोंचल्याची सही कोणाची आहे तें घरून निघण्यापूर्वीं पाहून घ्यावें.