‘विर्तुस’ : शौर्याचा स्वतंत्र गाभारा
(व्याख्यानाचे शब्दांकन)



प्राचीन रोमची लॅटिन भाषा धैर्याला ‘विर्तुस’ म्हणत असे. ‘विर’ म्हणजे पुरुष. त्यावरून हा शब्द सिद्ध झाला. लॅटिनमधील ‘विर’ आणि संस्कृतातील ‘वीर’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज होत, हे तौलनिक भाषाशास्त्राला मान्य आहे. आपल्याकडे ‘वीर’पासून ‘वीर्य’, तसे तिकडे ‘विर’पासून ‘विर्तुस’.

आरंभी त्याचा अर्थ रणांगणावरील पराक्रम असा होता. पुढे मृत्यू आणि वेदना यांना तुच्छ लेखणे, हे सिसेरोने त्याचे लक्षण सांगितले. हळूहळू त्यात सर्व सद्गुण सामावले. इंग्रजीतील ‘व्हर्च्यू’ त्यातूनच आला. शब्द पुरुषवाचक, देवता मात्र शस्त्रधारी स्त्रीरूप!

इ. स. पूर्व २२२ मध्ये क्लास्तिदियमच्या युद्धात सेनापती मार्सेलसने ‘होनोस’ म्हणजे सन्मान आणि ‘विर्तुस’ या दोन देवतांना मंदिराचा नवस केला. पुरोहितांनी आक्षेप घेतला. एका गाभाऱ्यात दोन देवता असताना वीज कोसळली, तर शांतिकर्म कोणाचे करावे? तेव्हा विर्तुससाठी स्वतंत्र गाभारा बांधण्यात आला. इ. स. पूर्व २०८ मध्ये मार्सेलस युद्धात पडला. नवस त्याच्या पुत्राने इ. स. पूर्व २०५ मध्ये फेडला.

शाल-श्रीफळांच्या आजच्या काळात या कथेचे मर्म ध्यानी घेतले पाहिजे. सन्मान शौर्याच्या शेजारी नांदू शकतो. गाभाऱ्यात वाटेकरी होऊ शकत नाही. कोणी पाहत नसतानाही जो आपले काम सोडत नाही, त्या कार्यकर्त्याच्या ठायी हेच ‘विर्तुस’ वसते.