चारचौघांत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या शिष्यवर्गासमोर बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. निमंत्रणपत्रिकेत विषय 'किशोरवयीनांचा व्यक्तिमत्त्व विकास' असा छापला आहे. हा शब्दप्रयोग अमीरपेठेतल्या शिकवण्यांच्या फलकांवर वाचून वाचून गुळगुळीत झाला आहे. हस्तांदोलन कसे करावे, मुलाखतीत किती हसावे, हे तिथे शुल्क घेऊन शिकवतात. त्यास माझी हरकत नाही. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. व्यक्ती म्हणजे जी व्यक्त होते ती. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मूल कोणापुढे व्यक्त होते?

या शहरातील मराठी समाजाने एके काळी या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केशवराव कोरटकरांसारख्या मंडळींनी विवेकवर्धिनी उभी केली. १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. पुढे निजाम सरकारच्या 'गश्ती निशाण ५३' या फर्मानाने जाहीर सभेला पूर्वपरवानगी लागू लागली. बोलायलाच बंदी असलेल्या त्या काळात शाळेचे स्नेहसंमेलन, गणेशोत्सवातील व्याख्याने आणि ग्रंथालयातील बैठका एवढ्याच जागा उरल्या. तिथे मिसरूड न फुटलेला मुलगा ठराव मांडायला, विरोध करायला आणि विरोध करूनही शेवटी आभार मानायला शिकला. सतरंज्या उचलणे हाही त्याच अभ्यासक्रमाचा भाग होता.

त्याची परीक्षा १९३८ साली झाली. उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली. मुले ऐकेनात, तेव्हा शेकडोंना बाहेर काढण्यात आले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. विशीही न गाठलेली ही मुले परक्या गावात, परक्या भाषेच्या माणसांत राहिली. त्यांपैकी एक तेलुगू मुलगा पुढे नागपूर-पुण्यात शिकला आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्याने तेलुगूत नेली. ते म्हणजे पी. व्ही. नरसिंह राव. एका विधवेचे दुःख परभाषेतून समजून घेऊन आपल्या भाषेतील वाचकाला सांगणे, याहून मोठे 'सामाजिक कौशल्य' मला ठाऊक नाही.

मी भाषेचा शिक्षक. म्हणून थोडे व्याकरणाकडे वळतो. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येतो. तेलुगूतही 'मेमु' आणि 'मनमु' असा हाच भेद आहे. हिंदीत दोन्हींकडे 'हम' आणि इंग्रजीत एकच 'वुई'. म्हणजे आपल्या गल्लीतल्या दोन्ही भाषा मुलाला जन्मतःच विचारतात : समोरच्याला आत घेतोस की बाहेर ठेवतोस? त्यात 'गारू' आणि 'अंडी' यांची तेलुगू अदब आहे, उर्दूचे 'आप' आहे. आणि या शहराच्या दख्खनीला आपण काय दिले? 'नक्को'! आपला 'नको'च तो. हैदराबादी माणूस तो इतक्या सहजपणे वापरतो की नकार मिळालेल्यालाही राग येत नाही. मित्राने आग्रह केला असता न दुखावता 'नको' म्हणता येणे, ही किशोरवयातली निम्मी लढाई आहे. मुलींना तर ती रोजच लढावी लागते.

परंतु आज हे सारे शिकायला मुलाजवळ वेळ कुठे आहे? दहावी झाली की दोन वर्षे इंटरमीजिएटची. पुष्कळ मुले निवासी महाविद्यालयांत जातात. पहाटेपासून रात्रीपर्यंत वर्ग आणि चाचण्या. ज्या वयात माणसांचे वेड लागावे, त्या वयात ती भिंतीकडे तोंड करून सूत्रे पाठ करतात. एप्रिल २०१९ मध्ये इंटरच्या निकालानंतर तेलंगणात वीसहून अधिक मुलांनी आपले जीवन संपविले. गुणपत्रिकांतील चुकांची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मला मात्र राहून राहून वाटते की, 'मी नापास झालो' हे वाक्य ज्याच्यापाशी उच्चारता येईल असे एक माणूस प्रत्येकाला हवे होते.

नरहर कुरुंदकर याच शहरात, मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे राहून शिकले. इंटरच्या परीक्षेत ते एकाहून अधिक वेळा नापास झाले. नांदापूरकर उस्मानियात मराठीचे प्राध्यापक. 'मुक्त-मयूरांची भारते' या प्रबंधाचे कर्ते. विद्वानाच्या घरात नापास भाचा! तरीही त्या मुलाचे वाचन सुटले नाही, वाद घालणे थांबले नाही. पुढे ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले आणि उभा महाराष्ट्र त्यांना ऐकू लागला. कुरुंदकरांची बुद्धी प्रत्येकाला लाभत नाही, हे मान्य. म्हणून पालकांनी हे उदाहरण मुलांच्या डोक्यावर नवे ओझे म्हणून ठेवू नये. मला त्यातली एवढीच गोष्ट हवी आहे : गुणपत्रिका वेगळी आणि घरातली बैठक वेगळी.

माजी विद्यार्थ्यांपाशी एक मागणे आहे. आपण शाळेला पंखे देता, संगणक देता; आता महिन्यातला एक रविवार द्या. सकाळी दोन तास या सभागृहात नववी-दहावीची मुले आणि आपण एकाच सतरंजीवर बसावे. उपदेश नको, बक्षिसे नकोत आणि कृपा करून ध्वनिक्षेपकही नको. विषय मुलांनी काढावा. आपण कुठे अडलो, कोणी सावरले, हे विचारले तर सांगावे. न विचारले तर ऐकत बसावे. जो मुलगा तीन रविवार एक अक्षर बोलणार नाही, त्याला चौथ्या रविवारीही कोणी 'बोल रे' म्हणू नये. फक्त त्याची जागा राखावी.

प्रश्नोत्तरांसाठी कार्यक्रमपत्रिकेत दहा मिनिटे ठेवली आहेत. माझ्या वेळेतली वीस मिनिटे मी त्यांत घालतो. पहिला प्रश्न पाठीमागच्या रांगेतून यावा. मान्यवरांनी थोडे थांबावे.