पाच मिनिटं खुर्चीत



मी परिचारिका. रात्रपाळी संपवून घरी यायचं, तर अर्धांगवायूने खाटेला खिळलेल्या आईचं सगळं करायचं. एकदा चिडून तिच्यावर हात उगारला. त्या दिवशी मी स्वतःलाच घाबरले.

पुण्यात अय्यंगार गुरुजी खुर्चीच्या आधाराने आसनं शिकवत. मीही खुर्ची घेतली. पाय जमिनीवर टेकवून ताठ बसायचं. श्वास घेत खांदे वर, सोडत खाली. मान सावकाश दोन्हीकडे. रोज पाच मिनिटं. आईचं दुखणं तेच आहे. माझा आवाज तेवढा खाली आला.

अण्णा कर्व्यांच्या मुरुडात सेवेचं मोल लहानपणीच कळलं. सेवा करणाऱ्यानेही घडीभर बसावं, हे उशिरा कळलं.

आता बसलाच आहात, तर घ्या श्वास... खांदे वर!