बर्फाचा पांढरेपणा



मसुरीच्या डोंगरावर बर्फ पडला की आपण डेहराडूनकर गच्चीवर धावतो. त्या पांढऱ्या रंगाचे काम मात्र फार मोठे आहे. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के सूर्यप्रकाश परत पाठवतो. उघडा पडलेला खडक तो शोषून घेतो. खडक तापला की हवा तापते आणि उरलेला बर्फ आणखी लवकर वितळतो. त्यात काजळीची भर. २०१६ आणि २०२४ साली उत्तराखंडात वणवे पेटले. अशा धुराचे काळे कण हिमनद्यांवर बसले, की मळलेला बर्फ जास्त ऊन पितो.

हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्या २०११ ते २०२० या काळात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटल्या, असे २०२३ चा 'इसिमोड'चा अहवाल सांगतो. नद्यांना आधी पाणी वाढेल, मग ऐन उन्हाळ्यात तुटेल.

दरवर्षी विसर्जनानंतर वाळलेले निर्माल्य आणि पालापाचोळा अंगणात पेटवणाऱ्यांत मीही होतो. एवढ्याशा धुराने काय होते, असे वाटे. यंदा त्याचे खत करणार आहे. तुम्हीही करा, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!