घरात असलेलं आणि ताटात आलेलं



आहाराविषयी बोलायचं म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच सफरचंदं, बदाम आणि जाहिरातीतले डबे उभे राहतात. मग तो मनाशी म्हणतो, हे काही आपल्याला परवडायचं नाही. आणि विषय तिथंच संपतो. यातलं काहीएक मी आज सांगणार नाही. मी वैद्य नव्हे, महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पण एका प्रसंगानं मला हा विषय वाचायला लावला.

काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांचं हिवाळी शिबिर माणदेशातल्या एका खेड्यात होतं. समतल चर खणताना त्याच गावची एक विद्यार्थिनी घमेलं उचलता उचलता चक्कर येऊन खाली बसली. उन्हाचा त्रास म्हणावा, तर दिवस डिसेंबरचे आणि वेळ सकाळी नऊची. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 8 भरलं. बाईमाणसाच्या रक्तात ते 12 च्या खाली असू नये. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. वाटणार तरी कसं? 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी 57 जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. मनात होतं, घरात खायला नसेल. पाहतो तो कणगीत बाजरी, मडक्यांत मटकी नि हुलगे, दारात शेवगा, परड्यात कागदी लिंबाचं झाड. मी तिच्या आईला विचारलं, "पोरगी काय जेवते?"

"हेच की सर. पर मागनं खाती. म्हाताऱ्याचं, तिच्या बाचं, बारक्यांचं झालं की आमी दोघी बसतो."

तोवर कालवणातली मटकी संपलेली असते, राहतो तो रस्सा. अर्धीमुर्धी भाकरी, बोटभर ठेचा, आणि पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून वर कपभर चहा. घरात सगळं होतं; तिच्या ताटात तेवढं येत नव्हतं. आणि त्या बाईंना मी काय म्हणून बोल लावू? माझ्या आईला मी कधी गरम पोळी खाताना पाहिलेलं नाही, आणि त्यात काही चुकतंय असं चाळिशी उलटेपर्यंत मला वाटलंही नव्हतं.

आता त्या चहाचं पाहा. बाजरीत लोह पांढऱ्या तांदळापेक्षा कितीतरी जास्त. पण धान्यातलं आणि पाल्यातलं लोह अंगी लागायला अवघड असतं. जेवणावर लगेच चहा घेतला, की त्यातलं तुरट द्रव्य हे लोह धरून ठेवतं आणि ते तसंच वाया जातं. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 साली सांगितलं, की जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको. मी स्वतः पक्का चहाबाज. तो तास मला फार लांब वाटतो. लिंबाचं काम बरोबर उलट. त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. मात्र लिंबू कालवण उतरल्यावर, ताटात पिळावं. चुलीवर उकळलं तर ते जीवनसत्त्व बरंचसं जातं.

मटकीला मोड आणण्याची आपल्या बायकांची रीत अशीच शहाणपणाची. मोडांमुळे क जीवनसत्त्व वाढतं आणि लोहाला अडवणारं द्रव्य घटतं. भाकरीबरोबर उसळ का, याचंही उत्तर आहे: धान्याच्या प्रथिनात जे उणं असतं ते कडधान्य भरून काढतं, आणि कडधान्याचं उणं धान्य. कोकणातल्या, मावळातल्या श्रोत्यांनी नाचणी सोडू नये. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. हे सारं बाजूला सारून सकाळी पोराच्या हातात चहा-बिस्किट द्यायचं, हा सौदा मला काही समजत नाही.

एक मात्र स्पष्ट सांगतो. रक्त 8 वर आलेलं असताना नुसत्या लिंबा-शेवग्यावर विसंबू नका. आरोग्य केंद्रातल्या गोळ्या सांगितल्या तितके दिवस घ्याव्यात. शौच काळी होते म्हणून पुष्कळजणी मध्येच सोडतात. त्यात भिण्यासारखं काही नाही.

शिक्षकबंधू-भगिनींनो, शाळेत खिचडी वाढताना डाव तळापर्यंत जातो का, तेवढं पाहा. डाळ तळाशी बसते, आणि रांगेत शेवटी कोण उभं असतं हे तुम्हांला ठाऊक आहे.

पुढल्या हिवाळ्यात मी त्या घरी पुन्हा गेलो. मुलीचं हिमोग्लोबिन 11 वर आलं होतं. त्यात गोळ्यांचं किती आणि जेवणाचं किती, हे मी सांगू शकत नाही. म्हातारबांनी "समदी एकदम बसा" असा हुकूम काढला होता म्हणे. मी गेलो तेव्हा वाढायला तीच उठत होती. पण तिचं ताट मांडलेलं होतं, आणि त्यात मटकी होती.