गाडीतले पाणी आणि तुंबलेली मोरी

पावसाळ्यात राधानगरीकडून कोल्हापूरला येताना आपण काचा वर करतो, गाडीतला एसी लावतो आणि निवांत बसतो. तेवढ्यात ड्रायव्हरच्या शेजारी बसलेली घरची मंडळी विचारतात, "अहो, पायाखाली ओलं का लागतंय?" आपण म्हणतो, पावसाचं पाणी आलं असेल. पण पाऊस उघडतो, दोन दिवस जातात, तरी मॅटिंग ओले ते ओलेच. मग कोणीतरी सांगतो, एसी गेला, आता मोठा खर्च. मंडळी, खिशात हात घालण्यापूर्वी थोडे थांबा. पुष्कळदा यंत्र बिघडलेले नसते. पाण्याची वाट तेवढी बंद झालेली असते.

हे पाणी येते कोठून? शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक प्रयोग जरूर दाखवावा. थंडगार पाण्याने भरलेला तांब्या टेबलावर ठेवावा. थोड्याच वेळात त्याला बाहेरून घाम फुटतो. हे पाणी तांब्यातून झिरपलेले नसते, ते हवेतले असते. ३० अंश सेल्सिअस उष्णतामानाच्या एक घनमीटर हवेत फार तर ३० ग्रॅम वाफ मावते. तीच हवा १० अंशांपर्यंत गार केली, तर जेमतेम ९ ग्रॅम. बाकीच्या वाफेचे पाणी होते. १९०२ साली विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनियरने न्यूयॉर्कच्या एका छापखान्यासाठी असे यंत्र योजले, तेही हवेतली ओल काढण्यासाठीच. दमट हवेने कागद फुगत आणि रंगांची छपाई सरकत असे.

गाडीत डॅशबोर्डच्या मागे अशीच एक थंड कॉइल असते. तिच्यावर जमलेले पाणी खालच्या तबकात पडते आणि रबरी नळीवाटे गाडीखाली जाते. म्हणून उभ्या गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकत असेल, तर घाबरू नका. ते यंत्र ठीक चालल्याचे लक्षण आहे. या नळीत झाडाचा पाला, लाल माती, काजळी बसली, म्हणजे तबक भरते आणि पाणी आत सांडते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात जी गाडी पाण्यात राहिली, तिच्या नळीत गाळही असू शकतो. घराची मोरी तुंबली म्हणून कोणी नळ बदलत नाही. येथेही तसेच.

आधी खात्री करून घ्या. ओल्या जागी पांढरे फडके दाबा. पाणी स्वच्छ, बिनवासाचे आणि एसी लावल्यावरच येणारे असेल, तर ते कॉइलचे. फक्त पावसातच येत असेल, तर दाराचे रबर नाही तर काचेची कड पाहा. पण फडके रंगीत, चिकट झाले, गोडसर वास आला, तर ते इंजिन गार ठेवणारे कूलंट समजा. ते विषारी असते. पोरे आणि कुत्री-मांजरे दूर ठेवा आणि गाडी मिस्त्रीकडेच न्या.

आता नळी साफ कशी करायची? गाडी उघड्यावर सपाट जागी उभी करून पंधरा-वीस मिनिटे एसी चालवा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका; धूर जीव घेतो. दमट दिवस असूनही खाली थेंब पडत नसेल, तर नळी तुंबली असे समजा. मग इंजिन बंद करून गार होऊ द्या आणि हँडब्रेक ओढा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. नळीचे तोंड बहुतेक गाड्यांत इंजिनामागच्या पत्र्याला खालच्या अंगाला, ड्रायव्हरच्या शेजारच्या बाजूला असते. तोंड बोटांनी चोळा, आणि गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी चार बोटे आत हळू फिरवा. सायकलचा आरा किंवा लोखंडी सळई घालू नका. कॉइलला भोक पडले, तर मात्र खरोखरच मोठा खर्च येईल. हवेचा जोरकस फवाराही नको. त्याने नळी आतून निसटते. वाट मोकळी झाली, की साचलेले पाणी भसकन बाहेर येईल. तरीही आत गळत राहिले, तर नळी निसटली किंवा तबक फुटले असेल. ते काम जाणत्या हातांचे.

काम येथे संपत नाही. मॅटिंग वरून सुकले, तरी खालचा स्पंज ओलाच राहतो. मग कुबट वास येतो, बुरशी धरते, पत्रा गंजतो, तारांचे जोड खराब होतात. तेव्हा मॅटिंग उचलून कडक उन्हात वाळवा. एसीचा फिल्टरही वेळच्या वेळी साफ करा. तो धुळीने भरला, तर कॉइलवर बर्फ धरतो, आणि तो वितळताना पाणी एकदम येते.

कारागिरीसाठी नावाजलेले उद्यमनगर आपल्या कोल्हापुरातच आहे. तेथल्या मिस्त्रीकडे जरूर जा. पण "एसी बदला" म्हणण्याऐवजी "आधी ड्रेनची नळी बघा" असे सांगा. एवढे सांगता आले, तरी पुष्कळ झाले.